पंडिता रमाबाई आणि पापमुक्तीची प्रार्थना



प्रायश्चित्तकाळ सुरू आहे. दर रविवारी मिस्साच्या आरंभी आपण उभे राहून आपल्या पापांची कबुली देतो, छातीवर हात मारतो आणि प्रभूकडे दया मागतो. पुढे प्रभूची प्रार्थना म्हणताना तिच्या शेवटी वाइटापासून सुटका मागतो. ख्रिस्तप्रसाद घेण्याआधी देवाच्या कोकराकडे पुन्हा तीच याचना करतो. म्हणजे एका मिस्सात निदान तीन वेळा आपण पापमुक्तीसाठी प्रार्थना करतो. वर्षाचे बावन्न रविवार धरले तर हा आकडा दीडशेच्या वर जातो.

इतक्या वेळा मागितलेली गोष्ट आपल्याला खरोखर हवी असते का? आम्ही हा प्रश्न आधी स्वतःलाच विचारतो. वेदीजवळ उभे राहून पापकबुलीची प्रार्थना सुरू करताना आमचे लक्ष कधी माइककडे असते, कधी उशिरा येऊन मागच्या बाकावर बसणाऱ्यांकडे असते. ओठ प्रार्थना म्हणत असतात आणि मन दुसरीकडे असते. आपल्या सर्वांचीच थोडीफार अशी अवस्था आहे.

म्हणूनच या रविवारी आम्ही एका अशा स्त्रीचे चरित्र सांगणार आहोत, जिने लहानपणापासून मुक्तीचा शोध घेतला, बाप्तिस्मा घेतला, आणि तरीही आपण पापमुक्तीची प्रार्थना अजून केलीच नाही हे जिला आठ वर्षांनी उमगले. या स्त्रीचे नाव पंडिता रमाबाई. त्या आपल्या कॅथलिक पंथाच्या नव्हत्या. त्यांचा बाप्तिस्मा अँग्लिकन चर्चमध्ये झाला आणि पुढे त्या कोणत्याच एका पंथाच्या चौकटीत राहिल्या नाहीत. परंतु आपल्यापासून वेगळ्या झालेल्या बंधुभगिनींमध्येही पवित्र आत्मा कार्य करतो, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली आपल्याला शिकवले आहे. तेव्हा त्यांच्याकडून शिकण्यात आपल्याला कमीपणा वाटायचे कारण नाही.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील घाटमाथ्यावर गंगामूळच्या रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, संस्कृतचे मोठे विद्वान. स्त्रियांनी संस्कृत शिकू नये असा तो काळ. पण शास्त्रीबुवांनी विरोध सोसून आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, शिकवले आणि लक्ष्मीबाईंनी रमेला. बाराव्या वर्षापर्यंत रमेला भागवताचे अठरा हजार श्लोक मुखोद्गत होते असे सांगतात.

हे कुटुंब एका गावी राहिले नाही. तीर्थामागून तीर्थ करीत ते देशभर फिरले. नदीत स्नान करावे, देवळाच्या आवारात पुराण सांगावे, मिळेल त्यातून दानधर्म करावा, उपास करावेत, आणि अशा रीतीने पापाचा क्षय होऊन मुक्ती मिळावी, हीच सर्वांच्या मनातील आस होती. आपल्या कोल्हापुरात हे आपल्याला वेगळे समजावून सांगायला नको. अंबाबाईच्या दर्शनाला लागलेली रांग आणि चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर उन्हातान्हात चढणारी माणसे आपण दरवर्षी पाहतो. त्या गर्दीतील कितीतरी जणांच्या मनात हेच मागणे असते. आपल्या शेजाऱ्यांच्या या तळमळीचा आपण आदर केला पाहिजे. रमाबाईंचे चरित्र कोणाला हिणवण्यासाठी वाचायचे नाही, ते स्वतःला तपासण्यासाठी वाचायचे आहे.

दक्षिणेत दुष्काळ पडला तेव्हा या कुटुंबाची सारी पुंजी संपली. भीक मागण्याची सवय नव्हती आणि मजुरीही येत नव्हती. झाडपाला खाऊन दिवस काढण्याची पाळी आली. अशा अवस्थेत आधी वडील गेले, काही महिन्यांत आई गेली, मग थोरली बहीण. रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास एवढे दोघेच उरले. हजारो मैल पायी चालत ती भावंडे १८७८ साली कलकत्त्याला पोहोचली. तेथील विद्वानांनी तिची परीक्षा घेतली आणि अवघ्या वीस वर्षांच्या या मुलीला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या.

विद्वत्तेचा एवढा मान मिळाला, पण मनाची भूक भागली नाही. कलकत्त्यातच त्यांनी धर्मशास्त्रांचे सखोल वाचन केले. त्या ग्रंथांत इतर बाबतींत कितीही मतभेद असले तरी स्त्रीची पात्रता पुरुषाहून हीन आहे यावर त्यांचे एकमत आहे, असे त्यांना आढळले. ज्या मुक्तीसाठी घरदार सोडून आईबापांनी प्राण वेचले, तिचे दार आपल्यासाठी बंद आहे, हा त्यांना बसलेला पहिला धक्का. १८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जातीबाहेर विवाह केला. मुलगी मनोरमा हिचा जन्म झाला आणि ती वर्षाचीही झाली नव्हती तोच, फेब्रुवारी १८८२ मध्ये, पती पटकीने वारले. चोविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या. पदरी तान्हे मूल होते. जवळचे माणूस कोणी उरले नव्हते.

त्या पुण्याला आल्या. आर्य महिला समाज स्थापन केला, स्त्रियांच्या शिक्षणासाठी हंटर कमिशनपुढे साक्ष दिली आणि १८८३ साली शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या. वॉन्टेज गावात अँग्लिकन धर्मभगिनींच्या मठात त्या राहिल्या. या भगिनींचे लंडनमध्ये फुलहॅम येथे एक घर होते. रस्त्यावरच्या, समाजाने टाकलेल्या स्त्रियांना तेथे आधार दिला जाई. अशा स्त्रियांशी कोणी मायेने वागते हे रमाबाईंनी आयुष्यात प्रथमच पाहिले. तुम्ही हे का करता, असे त्यांनी भगिनींना विचारले. भगिनींनी योहानाच्या शुभवर्तमानातील विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट त्यांना वाचून दाखवली. ही गोष्ट आपण प्रायश्चित्तकाळाच्या तिसऱ्या रविवारी ऐकतो. प्रभू येशूने त्या स्त्रीला तिचे पाप सांगितले, पण तिला हाकलून दिले नाही. रमाबाईंच्या मनाला ही गोष्ट भिडली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी आणि छोट्या मनोरमेने बाप्तिस्मा घेतला.

येथे कोणालाही वाटेल की शोध संपला. पण तसे झाले नाही.

पुढची काही वर्षे धावपळीची होती. १८८६ साली डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेला गेल्या. तेथे व्याख्याने दिली, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर पुस्तक लिहिले, विधवांच्या शाळेसाठी निधी उभा केला. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात आले. सदनात धर्माच्या बाबतीत तटस्थता राहील असे ठरले होते. बाहेरून पाहिले तर सर्व काही सुरळीत चालले होते. तरी रमाबाईंच्या मनाला स्वस्थता नव्हती. ख्रिस्ती धर्माची तत्त्वे त्यांना पटली होती. त्यावर त्या वाद घालू शकत होत्या, इंग्लंडच्या विद्वानांशी त्यांनी तो घातलाही होता. मात्र आपण धर्म स्वीकारला, पण ख्रिस्ताला स्वतःला अजून भेटलोच नाही, असे त्यांना वाटू लागले.

१८९१ च्या सुमारास विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज धर्मगुरूचे आत्मवृत्त त्यांच्या वाचनात आले. हा धर्मगुरू व्यासपीठावर प्रवचन देत असताना स्वतःच्याच प्रवचनाने बदलून गेला होता. आम्हा धर्मगुरूंना विचार करायला लावणारी ही गोष्ट आहे! ते वाचून रमाबाईंना आपल्या मनातील अडचण दिसली. आईबापांबरोबर तीर्थयात्रा करताना त्या जे करीत होत्या तेच बाप्तिस्म्यानंतरही करीत होत्या. फक्त साधने बदलली होती. पूर्वी स्नान, उपास आणि पारायण होते. आता समाजसेवा, अभ्यास आणि उपासना होती. दोन्ही वेळा हिशेब त्यांनीच मांडला होता आणि पुण्याची बाजू भरून काढण्याचे ओझेही त्यांच्याच खांद्यावर होते. हे ओझे आपल्याच्याने उचलत नाही, हे त्यांनी प्रथमच प्रभूपुढे कबूल केले आणि त्या विनाअट शरण गेल्या. आता त्यांनी पापक्षमा कमवायचे सोडून मागायला सुरुवात केली.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. बाप्तिस्म्याने काहीच होत नाही, असा अर्थ कोणी काढू नये. आपल्या श्रद्धेनुसार बाप्तिस्म्यात पापक्षमा खरोखर मिळते आणि देवाच्या घराचे दार खरोखर उघडते. पण दार उघडे असताना माणूस उंबरठ्यावरच बसून राहू शकतो. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना पापाची व्याख्या, पापाचे प्रकार, मनुष्याची इच्छाशक्ती आणि देवाची कृपा यांवर आम्ही पानेच्या पाने लिहिली. परीक्षेत गुणही बरे मिळाले. पण पाप म्हणजे काय हे सांगता येणे वेगळे आणि मी पापी आहे हे म्हणता येणे वेगळे. पहिल्याला बुद्धी पुरते, दुसऱ्याला गुडघे टेकावे लागतात. पंडिता ही पदवी मिळवलेल्या स्त्रीला हा फरक कळायला आठ वर्षे लागली. आपल्यापैकी काहींना चाळीस लागतील, पण तो कळला पाहिजे.

या बदलाची किंमतही त्यांना मोजावी लागली. रमाबाई पहाटे आपल्या खोलीत प्रार्थना करीत आणि खोलीचे दार उघडे असे. सदनातील काही मुली आपण होऊन तेथे येऊन बसू लागल्या. १८९३ साली पुण्यात मोठे वादळ उठले. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. तटस्थतेचा शब्द दिला असताना हे योग्य आहे का, ही त्यांची शंका अगदीच निराधार होती असे आम्ही म्हणणार नाही. ज्यांनी राजीनामे दिले तेही स्त्रियांचे हितचिंतकच होते. रमाबाईंचे म्हणणे असे की आपण कोणावर सक्ती केली नाही, पण प्रार्थना दार लावून करावी अशी अटही आपल्याला मान्य नाही.

आता आपण त्यांच्या आयुष्यातील सर्वांत महत्त्वाच्या भागाकडे येतो. १८९६-९७ साली मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. रमाबाई तेथे गेल्या. भुकेने मरणाऱ्या मुलींमध्ये त्यांना वीस वर्षांपूर्वीची स्वतःची मूर्ती दिसली असेल. मदतीच्या छावण्यांतही मुलींची अब्रू सुरक्षित नाही हे त्यांनी पाहिले. सुमारे तीनशे मुली आणि स्त्रियांना त्यांनी आपल्याबरोबर आणले. त्याच वेळी पुण्यात प्लेग होता आणि एवढ्या जणींना शहरात ठेवायला परवानगी मिळेना. तेव्हा पुण्याच्या पुढे, दौंडच्या अलीकडे, केडगाव येथे शेतीसाठी घेतलेल्या जमिनीवर त्यांनी त्यांची सोय केली. या वसाहतीला नाव दिले मुक्ती. ज्या शब्दामागे त्यांचे आईवडील आयुष्यभर चालले, तोच शब्द त्यांनी आपल्या दारावर लिहिला. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील संख्या दीड हजारांच्याही वर गेली. शेती, विणकाम, छापखाना, शाळा, अंधांसाठी वेगळी सोय, असे एक गावच तेथे उभे राहिले. समाजाने पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन नावाचे घर झाले. फुलहॅममध्ये पाहिलेले बीज केडगावच्या मातीत रुजले.

या कार्यातील क्रम लक्षात घ्या. दुष्काळातून आलेल्या मुलीला त्यांनी आधी भाकरी दिली, अंगावर कपडा दिला, रात्री निर्धास्त झोपता येईल असे छप्पर दिले. प्रार्थना त्यानंतर आली. ज्या मुलीवर दुसऱ्यांनी पाप केले आहे, तिला आधी त्या पापाच्या तावडीतून सोडवावे लागते. तिला दारातच तुझी पापे कबूल कर असे सांगणे हा अन्याय आहे. वाइटापासून सोडव अशी विनंती आपण करतो तेव्हा त्यात दोन्ही गोष्टी येतात: मी केलेले वाईट आणि माझ्यावर झालेले वाईट. पहिल्यासाठी क्षमा लागते, दुसऱ्यासाठी संरक्षण आणि न्याय. आपल्या धर्मग्रामातही अशा घरांची उदाहरणे आहेत, जेथे दारू एकाने प्यायची आणि मार दुसरीने खायचा. अशी बहीण आपल्याकडे आली तर तिला सोसण्याचा उपदेश करण्याआधी रमाबाईंचा हा क्रम आपण आठवला पाहिजे.

मग १९०५ साल उजाडले. जानेवारीत रमाबाईंनी आपल्या मुलींना रोज प्रार्थनेसाठी जमण्याचे आवाहन केले. आरंभी सुमारे सत्तर जणी आल्या. जूनपर्यंत ही संख्या साडेपाचशेवर गेली आणि दिवसातून दोन वेळा सभा होऊ लागल्या. जूनच्या अखेरीस या प्रार्थनेला वेगळेच रूप आले. शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करू लागल्या. कोणी रडत होती, कोणी केलेली चोरी, बोललेले खोटे, मनात धरलेला द्वेष सर्वांसमोर सांगत होती, कोणी जिच्याशी भांडण होते तिची क्षमा मागत होती. बाहेर यावर टीकाही झाली. रमाबाईंनी आवाज बंद करण्याची घाई केली नाही. भारतातील स्त्रियांनी देवापुढे पाश्चात्त्यांच्या रीतीनेच उभे राहावे असा आग्रह कशाला, अशी त्यांची भूमिका होती.

आपल्या उपासनेची पद्धत अशी नाही. पहिल्या शतकांत मोठ्या पापांचे प्रायश्चित्त चर्चमध्ये उघडपणे होत असे. पुढे एकट्या धर्मगुरूपाशी गुप्तपणे पापनिवेदन करण्याची पद्धत आली आणि १२१५ सालच्या लॅटरन परिषदेने वर्षातून निदान एकदा तरी ते करावे असा नियम घातला. ही गुप्तता म्हणजे प्रभूने आपल्यावर केलेली मोठी दया आहे. आपल्या चुका चारचौघांत सांगण्याची सक्ती आपल्यावर नाही. रडू आले म्हणजेच पश्चात्ताप खरा, असेही नाही. भावना येतात आणि जातात. पण केडगावच्या त्या मुलींनी एक गोष्ट केली, जी आपल्याकडून सुटते: त्यांनी पापाचे नाव घेतले. आपण म्हणतो, फादर, काही विशेष नाही, नेहमीचेच. त्या म्हणाल्या, ही वस्तू मी घेतली, या मुलीशी मी असे वागले. आजाराचे नाव सांगितल्याशिवाय डॉक्टर औषध कसे देणार?

त्या दिवसांनंतर प्रार्थना केडगावच्या आवारातच थांबली नाही. मुलींच्या तुकड्या जवळच्या खेड्यांत जाऊ लागल्या. रमाबाईंनी स्वतः उरलेली वर्षे एका शांत कामाला दिली. खेड्यातील अल्पशिक्षित बाईला समजेल अशा सोप्या मराठीत बायबल आणायचे म्हणून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक या भाषा अभ्यासल्या आणि संपूर्ण पवित्र शास्त्राचे भाषांतर केले. मुक्तीच्या छापखान्यात मुलींनीच ते छापले. जुलै १९२१ मध्ये मनोरमा वारली. आईच्या कामाची वारस म्हणून जिच्याकडे पाहिले जाई, ती आधी गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला. तो प्रायश्चित्तकाळातील बुधवार होता आणि झावळ्यांचा रविवार चार दिवसांवर होता. भारत सरकारने १९८९ साली त्यांच्या नावे टपाल तिकीट काढले. इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चमध्ये ३० एप्रिलला त्यांचे स्मरण करतात.

बंधुभगिनींनो, रमाबाईंचे सर्वच विचार आपल्याला पटतील असे नाही, आणि पटले पाहिजेत असेही नाही. पण पापमुक्तीची प्रार्थना कशी करावी याचे तीन धडे आपण त्यांच्याकडून घेऊ या. पहिला, हिशेब मांडणे सोडा आणि मागा. दुसरा, पापाचे नाव घ्या. तिसरा, स्वतः सुटलात की दार दुसऱ्यासाठी उघडा. कारण आपल्यापुरती क्षमा मागून जो घरी जातो आणि भावाशी कोर्टात चाललेले जमिनीचे भांडण तसेच चालू ठेवतो, त्याने अजून अर्धीच प्रार्थना केली आहे.

पुढच्या रविवारी पापकबुलीची प्रार्थना सुरू होण्याआधी आम्ही क्षणभर थांबू. त्या शांततेत प्रत्येकाने आपल्या एकाच पापाचे नाव मनात घ्यावे. आम्हीही घेऊ. येत्या शुक्रवारी संध्याकाळी क्रुसाच्या वाटेनंतर आम्ही कन्फेशनसाठी बसणार आहोत. जे बऱ्याच वर्षांत आले नाहीत त्यांनी संकोच करू नये. कोठून सुरुवात करायची हे आठवत नसेल तर तेवढेच सांगा, पुढचे आपण मिळून करू. त्याआधी आम्हीही शेजारच्या धर्मग्रामातील धर्मगुरूंकडे जाऊन आपले पापनिवेदन करून येऊ. रांगेत उभे राहणे धर्मगुरूलाही चुकलेले नाही.

करुणामय प्रभू आपणा सर्वांना पापाच्या बंधनातून मुक्त करो आणि आपल्या घरांची दारे उघडी ठेवो.

तुमचे धर्मगुरू